शिवणीच्या फळीची गिटार

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. घ्यायचंच तर उखाण्यात घ्यायचं. पण आता माझी सत्तरी उलटली, आणि ही गोष्ट 'आमचे ते, आमचे ते' करत सांगितली तर ऐकणाऱ्याला वाटेल, या बाईचं कोणी हरवलंय. म्हणून सरळ घेते. माझ्या नवऱ्याचं नाव इस्तारी. आम्ही ढिवर. चांदा जिल्ह्यातल्या सावली गावापासून कोसभरावर आमचं गाव, गावाला मोठा तलाव, तलावात मासे आणि बाकी जिकडेतिकडे धान.

इस्तारी मासे धरण्यात बेताचाच होता, खोटं कशाला बोलू. जाळं फेकताना लक्ष गाण्याच्या चालीत असायचं, मग मासे काय त्याची वाट बघत बसणार आहेत? पण पेटीवर बसला की त्याच्यासारखा तोच. गुणवंतराव पाटलांच्या नाटक मंडळीत तो दहा वर्षं पेटी वाजवत होता. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईला नाटक लागतं. लोक 'पेटीवर इस्तारी आहे काय' असं विचारून मग बैलगाडी जुंपायचे. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून तर मी त्याला रोज बोलत असे.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात तो धानाच्या गिरणीत कामाला लागला आणि तिसऱ्याच आठवड्यात उजवा हात पट्ट्यात गेला. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. जखम दोन महिन्यांत भरली, पण माणूस काही उठेना. उजवा हात खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून दिवसभर खाटेवर बसायचा. कोणी दारात आलं की आतल्या खोलीत जायचा. माझ्यासमोरही तो हात बाहेर काढत नसे, जेवायचासुद्धा डाव्या हातानं आणि भिंतीकडे तोंड करून. मला रडण्यापेक्षा ओरडणं सोपं जातं, म्हणून मी वर्षभर ओरडले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

सत्तावन्नच्या पोळ्याच्या सुमारास मी त्याला जवळजवळ ढकलूनच सिंदेवाहीला पाठवलं. तिथल्या सरकारी धान फार्मवरच्या साहेबांना मरळ मासे हवे होते. संध्याकाळी परत आला तो टोपलीसकट. मासे द्यायचेच विसरला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला.

"कमळे, साहेबाच्या रेडिओवर मी आज एक बाजा ऐकलो. माणूस गाते तसा वाजते तो. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी नाई मारत, घसरत जाते."

"अना मासे?"

"हवाई गिटार म्हणते त्याले. साहेबानं पुस्तकात फोटो दाखवला. मांडीवर आडवी ठेवाची, एका हातानं तारा छेडाच्या, अना दुसऱ्या हातात लोखंडाची कांडी धरून तारांवरून फिरवाची. बोटांनं दाबा लागत नाई, कमळे. कांडी धरता आली का झालं."

मासे त्या दिवशी आम्हीच खाल्ले. पोटभर.

दुसऱ्या दिवशी मी गुणवंतरावांच्या वाड्यावर गेले. पाटील होते, मंडळीचे मालक होते, आणि नाटकात राजाचं काम करून करून घरीही राजासारखेच बोलायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मंडळी एक साल थांबली त्याच्यासाठी. आता मंडईच्या आधल्या दिवशी त्यानं मले वाजवून दाखवावं. जमलं तं जमलं. नाई तं सिंदेवाहीचा पेटीवाला मी सांगून ठेवला आहे." हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा इस्तारीनं दुपट्टा हातावर घट्ट ओढला. मग म्हणाला, "हे बी नाई जमलं तं मी बल्लारपूरले जातो. कोळशाच्या खाणीवर चौकीदार घेऊन राह्यले म्हणते. बाजाचं नाव मग माया पुढं काढू नको." तो पोकळ धमकी देणारा माणूस नव्हता. मला रात्री झोप लागेना.

गिटार बनवली आमच्या मनसारामभाऊ सुतारानं. जन्मभर गाड्या, वखरं आणि पाळणे केलेला माणूस. गिटार कशाशी खातात त्याला ठाऊक नव्हतं. इस्तारीनं अंगणातल्या धुळीत डाव्या हातानं आकृती काढून दाखवली. भाऊनं शिवणीची जुनी, चांगली वाळलेली फळी काढली. शिवणीचं लाकूड हलकं, पिवळसर, आणि रंध्याखाली भांडण न करणारं. फोटोतली गिटार डाव्या हातात कांडी धरणाऱ्याची होती, आपल्याला उजव्या हातात कांडी हवी, म्हणून खुंट्या आणि तारा सगळं उलट्या अंगानं करायचं ठरलं. पोकळ खोकं नाही, नुसती भरीव फळी. तिला स्वतःचा आवाज असा नव्हताच. तो देणार होता चैतू भोंगेवाला.

चैतूकडे नाटकाचा लाऊडस्पीकर होता, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. कामठीच्या जुन्या बाजारातून त्यानं लढाईच्या काळातला, कानाला लावायचा फोन आणला होता. त्याच्यातलं चुंबक आणि बारीक तारेची गुंडाळी तारांखाली बसवली की तार हलेल तसा भोंगा बोलेल, असं तो म्हणायचा. मला ते खरं वाटलं नाही, पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो.

धानाचा हंगाम तोंडावर आला होता आणि मनसारामभाऊला गाड्यांच्या कामातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. मंडईला पंधरा दिवस असताना त्यानं रंधा मारलेली, चुंबकासाठी खाच कोरलेली फळी आणून दिली. सोबत चपडा लाख, काचकागद आणि स्पिरिटची बाटली.

"आता घासा अना पालिश करा घरीच. लाख स्पिरिटात भिजू द्या, कापसाच्या बोळ्यानं गोल गोल फिरवत लावा. पातळ. एक हात वाळला का दुसरा. असे आठ-दहा हात झाले पायजे. नाई तं घामानं अना दवानं फळी फुगंन, तारा जागेवर रायणार नाई."

कोण घासणार? एका हातानं फळी धरायची आणि दुसऱ्यानं काचकागद, म्हणजे दोन धड हात लागतात. म्हणून मी घासायची आणि इस्तारी खाटेवरून सांगायचा. इथी राह्यलं, तिथी खरबड आहे, उलट्या रेषेनं नको मारू. चार दिवस हे ऐकलं. काचकागद संपल्यावर मी खरवताची पानं आणली. त्या पानाची पाठ इतकी खरखरीत असते की आमच्याकडे विळ्याची मूठसुद्धा त्यानंच गुळगुळीत करतात. खरवतानं घासल्यावर फळी गालाला लावून बघावी अशी झाली. मी लावून बघितलीसुद्धा, इस्तारी तोंड धुवायला गेला होता तेव्हा.

मग लाखेचे तीन हात दिले. फळी मधासारखी चमकायला लागली. इस्तारी खाटेवरून उठून जवळ येऊन बसला. तिसऱ्या दिवशी तर गुणगुणत होता. मला इतका आनंद झाला की मी सगळं घर साफ करायला काढलं, आणि तिथंच माझी बुद्धी गेली. स्पिरिटनं काच लख्ख होते हे मला कळलं होतं. मी कंदिलाची काच पुसली, देवाची तसबीर पुसली, आरसा पुसला. चौथ्या हाताला बाटली उघडली तर तळाला थेंबभर.

इस्तारीला सांगायची हिंमत झाली नाही. चांद्याशिवाय स्पिरिट मिळत नव्हतं आणि मंडईला आठ दिवस उरले होते. मी विचार केला, स्पिरिट म्हणजे तरी काय? वास दारूचा, पेटतं निळ्या जाळानं. गावात दारू गाळणाऱ्या बुधरीबाईकडची मोहाची पहिल्या धारेची दारूही निळीच पेटते. लग्नकार्यात किती जण ते पेटवून दाखवतात. तिच्याकडून शेरभर आणली, चुलीत चार थेंब टाकून बघितले, भप्पकन जाळ झाला. म्हटलं, हे बघ, देवानं जंगलातच स्पिरिट ठेवलंय आणि आम्ही चांद्याला धावतोय. लाख तिच्यात टाकली. ती धड विरघळेना, गुठळ्या राहिल्या, तर मी फडक्यातून गाळून घेतली. मनाजोगतं करून घ्यायचं म्हटलं की माणूस डोळ्यांवर कातडं ओढतो. एक हात दिला, वाळायच्या आधीच दुसरा दिला, आणि झोपले.

सकाळी बघते तर गिटार पांढरी. पेजेवर साय धरावी तसा पांढरा, ओलसर थर सगळ्या फळीवर, आणि घरभर मोहाचा वास. इस्तारी आधीच तिथं उभा होता. मी सगळं कबूल केलं, काच, तसबीर, आरसा, बुधरीबाई, सगळं. वाटलं, आता ओरडेल. वर्षभर मी ओरडले, आज त्याची पाळी. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"राहू दे, कमळे," तो म्हणाला. "आपल्यासाठी नाई ते." आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

मी गिटार गोधडीत गुंडाळली आणि मनसारामभाऊकडे गेले. त्यानं वास घेतला आणि आधी पोट धरून हसला. मग माझं तोंड बघून थांबला.

"बाई, दारूत पाणी रायते. पहिल्या धारेची असली तरी रायते. लाखेले पाणी चालत नाई, ती आंधळी होते. आता हे सगळं खरडा अना पुन्हा सुरू करा. स्पिरिट मागवतो, पण चांद्यावरून माणूस येईन मंडई झाल्यावरच."

"मंडई झाल्यावर मी त्या स्पिरिटाचं काय करू, भाऊ? पिऊ?"

त्यानं रंधा पुन्हा हातात घेतला. मी तिथून निघाले आणि तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, येताना इतकी चिडले होते की वाटेतल्या बकरीलाही बोलले. चूक माझी, राग सगळ्या जगावर. पाळीवर आमचेच लोक डोंगा, म्हणजे लाकडी होडी, पालथा घालून त्याला जवसाचं तेल चोळत होते. पाऊस संपला की दरवर्षी करतात. त्यात नवं काहीच नव्हतं, मी लहानपणापासून बघत आले. पण त्या दिवशी मी थांबले. डोंगा वर्षभर पाण्यात राहतो. लाख नाही, स्पिरिट नाही, नुसतं उकळलेलं जवसाचं तेल आणि ऐनाच्या सालीचा काढा, ज्यात आम्ही जाळी रंगवतो. डोंगा फुगत नाही, कुजत नाही. मग कोरड्या मांडीवर बसणाऱ्या फळीला काय धाड भरणार होती? आम्ही सुताराची विद्या शिकायला गेलो आणि घरची विद्या खुंटीला टांगून ठेवली.

घरी आले ती न बोलता कामाला लागले. खरवताच्या पानांनी सगळी लाख खरडून काढली, दीड दिवस लागला. ऐनाची साल उकळून काढा दिला. पिवळी फळी तांबूस तपकिरी झाली, हुबेहूब आमच्या जाळ्याच्या रंगाची. मग जवसाचं तेल कढवलं आणि अगदी चार थेंब घेऊन तळव्यानं चोळायला लागले. हे फडक्यानं होत नाही. तळवा तापला पाहिजे, तापलेल्या तळव्यानं तेल लाकडात जिरतं. जास्त झालं तर वर चिकट राहतं आणि महिनाभर वाळत नाही. दिवाळीआधीचं कडक ऊन होतं, ती एक देवाची कृपा. इस्तारी भिंतीकडे तोंड करून बसलेला होता, पण कान माझ्याकडे होते हे मला कळत होतं.

दुसऱ्या सकाळी मला हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाच्या कापणीला जायचंच होतं, एक दिवसही चुकवून चालण्यासारखं नव्हतं. तळव्याला फोड आले होते. तेलाची वाटी आणि गिटार अंगणात उन्हाला ठेवून मी गेले. जाताना त्याला काही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

दुपारी भाकरी खायला घरी आले. फाटकाशी आले आणि पाय तिथंच थांबले. इस्तारी अंगणात बसला होता. मांडीवर गिटार आडवी. दुपट्टा जमिनीवर पडला होता आणि उजवा हात उघडा होता, दीड वर्षात पहिल्यांदा मी तो उन्हात बघत होते. बोटं नव्हती पण तळवा सगळा होता, रुंद, धड. तो त्या तळव्यानं गिटार चोळत होता. वरून खाली, पुन्हा वर, अंगाचा सगळा भार देऊन. घाम नाकावरून गळत होता. मला पळत जाऊन तो हात धरावासा वाटला. त्या दिवशी देवानं मला अक्कल दिली आणि मी तोंड मिटून चुलीकडे गेले.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "तुया हातानं डाग पडून राह्यले होते. एका जागी तेल जास्त, एका जागी कमी."

"हो का? मग पयलेच सांगाचं."

"पयले मले बी कुठी माहीत होतं?" तो म्हणाला. "बोटं मधात येत नाई तं तळवा सारखा बसते बघ."

मी भाकरी थापत राहिले. माझे डोळे गळत होते आणि मी ते धुरावर ढकललं.

पुढचे तीन दिवस मी फक्त काढा उकळला आणि तेल कढवलं. बाकी सगळं त्यानं केलं. सात हात दिले, प्रत्येक हात उन्हात वाळवून. शेवटी तो नुसत्या कोरड्या तळव्यानंच चोळत होता. फळीवर लाखेसारखी चकाकी नव्हती, पण तिच्यात खोल कुठंतरी उजेड होता. त्याच्या तळव्यावरची ताठरलेली, दुमडलेली कातडीही तेलानं मऊ झाली होती, अंगठा पूर्वीपेक्षा जास्त वळायला लागला होता. चैतूनं चुंबक बसवलं, तारा चढवल्या. कांडी म्हणून काय काय करून बघितलं आणि शेवटी माझ्या खलबत्त्यातला लहान लोखंडी बत्ता त्याच्या अंगठ्यात आणि करंगळीत नीट बसला. त्या दिवसापासून मी वरवंट्यानं लसूण ठेचते आहे.

मंडईच्या आधल्या दिवशी दुपारी आम्ही गुणवंतरावांच्या अंगणात गेलो. सिंदेवाहीचा पेटीवाला आलेला होता, पेटी समोर घेऊन बसला होता. बघूनच माझं अंग जळलं. चैतूनं भोंगा जोडला. भोंगा नुसता घुंऽ करून गुणगुणायला लागला. गुणवंतराव म्हणाले, "मधमाश्या आणल्या काय रे?" सगळे हसले. इस्तारीनं तारांवर हात ठेवला, आणि गुणगुण थांबली.

तो वाजवायला लागला. पहिल्यांदा बत्ता तारेवर खडखडला. मग एक सूर लागला आणि त्यावरून घसरत दुसरा. भोंग्यातून असा लांब, ओढलेला आवाज आला की अंगणात धान उपणणाऱ्या बायकांनी मान वर केली. पण गुणवंतराव तसेच बसले होते, तोंडात पान.

"रडल्यावानी वाजते हे," ते म्हणाले. "नाटकात रडणं एक प्रवेश असते. बाकी प्रवेशांत काय करू?"

इस्तारी म्हणाला, "पाटील, तुमी गा."

कोणाला गायला सांगायचं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. गुणवंतरावांना आपल्या गळ्याचा फार अभिमान, आणि त्यांच्या गाण्यात असा एक लांब हेल होता की पेटी त्याच्यामागे कधी जाऊच शकत नसे; पेटीचे सूर म्हणजे पायऱ्या, मधे पाय ठेवायला जागा नाही. त्यांनी पान थुंकलं आणि राजाच्या प्रवेशातलं पद काढलं. हेल आला. इस्तारीचा बत्ता तारेवरून त्यांच्या गळ्याबरोबर वर गेला, वर थांबला, आणि त्यांच्याबरोबरच हळूहळू खाली उतरला. पाटलांनी डोळे उघडले. मुद्दाम दुसरा, अवघड हेल घेतला. तोही गिटारनं घेतला. तिसरा घेतला. सिंदेवाहीच्या पेटीवाल्यानं पेटीवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता आणि तो मान हलवत होता. पोरगा चांगला होता, मी उगाच त्याच्यावर जळले.

गाणं संपलं. गुणवंतराव उठले, जवळ आले, आणि गिटारवरून हात फिरवला.

"पालिश कोणं केलं?"

"म्या," इस्तारी म्हणाला. आणि उजवा हात उघडून दाखवला.

पाटलांनी त्या हाताकडे नीट बघितलं. मग पेटीवाल्याला म्हणाले, "तू बी राहा. पदाले हे, नाचाले पेटी." आणि इस्तारीला म्हणाले, "उद्यापासून तालमीले येत जा."

वर्ष-दीड वर्षात ज्यानं कोणाकडे काही मागितलं नव्हतं, तो माझा नवरा म्हणाला, "उद्या काऊन? आता बसलोच आहो तं आजच घ्या."

मी एकटीच घरी आले. खाट रिकामी होती. मी ती उचलून अंगणात उभी केली, तिच्याखालची जागा झाडली, आणि बऱ्याच दिवसांनी घरात एकटीनं बसून जेवले. फार बरं वाटलं.